दप्तर खुलं, सूची बंद

अमेरिकेत घराचं क्लोजिंग झालं, म्हणजे खरेदीचा व्यवहार पुरा झाला, किल्ल्या हातात आल्या, की तीन-चार आठवड्यांत पत्रपेटीत एक सरकारी थाटाचं पत्र येऊन पडतं. वर राजमुद्रेसारखं काहीतरी चिन्ह, खाली तुमचं पूर्ण नाव, घराचा पत्ता, बँकेचं नाव, कर्जाची रक्कम, नोंदणीची तारीख. सगळं अचूक. मागणी एवढीच, की डीडची, म्हणजे खरेदीखताची, प्रमाणित प्रत हवी असेल तर अमुक तारखेच्या आत शंभरेक डॉलर पाठवा. आम्ही सरकारी संस्था नाही, हे तळाशी बारीक टायपात. तीच प्रत काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, कार्यालयात काही डॉलरांत मिळते, आणि मूळ डीड तर नोंदणीचा शिक्का बसला की टपालाने घरी येणारच असतं.

नवा घरमालक हे पत्र वाचून हबकतो. आपली माहिती फुटली कुठून? फुटलेली नसते. डीड काउंटीच्या रेकॉर्डरकडे, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, दाखल झालं तेव्हाच ते सार्वजनिक झालं, आणि पत्र पाठवणाऱ्या कंपनीने त्या महिन्याचे सगळे दस्त ठोकात उचलले. खरा प्रश्न इथून पुढे सुरू होतो. ठोक गिऱ्हाइकाला जे बसल्या जागी मिळतं, ते आपल्या इमारतीचा मालक नेमका कोण हे शोधणाऱ्या भाडेकरूला, किंवा कर जास्त लावला म्हणून दाद मागणाऱ्या घरमालकाला इतकं जड का जावं?

अमेरिकेत जमिनीची दप्तरं खुली असतात, असं आपण अभिमानाने किंवा हेव्याने म्हणतो. दस्त खुले आहेत हे खरं. पण लाखो दस्तांच्या ढिगातून हवा तो दस्त काढून देते ती सूची. ती अनेक काउंट्यांत एक तर पैशांच्या फाटकामागे आहे, नाहीतर अशा पद्धतीने लावलेली आहे की सामान्य माणसाला तिचा उपयोग होऊ नये. काउंट्यांनी आपला पैसा आणि अक्कल आता स्कॅनिंगपेक्षा सूचीवर खर्च करावी, असं आमचं म्हणणं आहे.

आधी भूगोल. काउंट्या तीन हजारांवर आहेत आणि बहुतेकांचं दप्तर स्वतंत्र. त्यातही अपवाद आहेत: हवाईत अख्ख्या राज्याचं एकच नोंदणी कार्यालय, लुईझियानात काउंटीला पॅरिश म्हणतात, कनेक्टिकट, ऱ्होड आयलंड आणि व्हरमाँटमध्ये काउंटीकडे हे काम नाहीच, ते टाउन क्लार्क करतो. एकट्या कनेक्टिकटात १६९ टाउन, म्हणजे १६९ दप्तरं. शिवाय एका काउंटीतही माहिती एका छताखाली नसते. असेसर मूल्यांकन करतो. क्षेत्रफळ, बांधकामाचं वर्ष, पार्सलचा म्हणजे जमिनीच्या तुकड्याचा क्रमांक त्याच्याकडे. ट्रेझरर कर घेतो, थकबाकी त्याच्याकडे. दस्त नोंदवतो तो रेकॉर्डर, ज्याला कुठे रजिस्टर ऑफ डीड्स म्हणतात, कुठे नुसतं काउंटी क्लार्क. न्यायालयाचे हुकूम, वारसा, घटस्फोट यांची कागदपत्रं न्यायालयाच्या क्लार्ककडे. पहिली चूक इथेच होते. असेसरच्या पानावर मालकाचं नाव दिसलं की लोक तो मालकीचा दाखला समजतात. ते नाव कराचं बिल कोणाला धाडायचं यासाठी ठेवलेलं असतं. सातबारा हा महसुली अभिलेख आहे, त्याने मालकी ठरत नाही, हे आपल्याकडच्या न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितलंय, गोष्ट तीच.

शोध नावापासून सुरू करू नये, पत्त्यापासून करावा. असेसरच्या खिडकीत घर क्रमांक आणि रस्त्याचं फक्त मुख्य नाव टाकायचं. स्ट्रीट, अव्हेन्यू, नॉर्थ, साउथ सगळं गाळायचं, कारण त्यांची संक्षिप्त रूपं काउंटीगणिक बदलतात आणि यंत्र अक्षर न अक्षर जुळवत बसतं. त्यातून पार्सल क्रमांक मिळतो. शिकागोच्या कुक काउंटीत तो १४ आकडी असतो. न्यूयॉर्क शहरात १० आकडी: पहिला आकडा बरोचा म्हणजे शहराच्या विभागाचा, पुढचे पाच ब्लॉकचे, शेवटचे चार लॉटचे. मॅनहॅटन १, ब्रॉन्क्स २, ब्रुकलिन ३, क्वीन्स ४, स्टेटन आयलंड ५. कॉन्डोच्या, म्हणजे प्रत्येक घराची मालकी वेगळी असलेल्या इमारतीच्या, बाबतीत इमारतीचा लॉट ७५०१ पासून पुढे आणि आतल्या घरांचे लॉट १००१ पासून पुढे असतात. नकाशावरून इमारतीचा आकडा उचलून टाकला, की घराचं डीड दिसत नाही आणि माणूस समजतो नोंदच झाली नाही. को-ऑपमधल्या घराला तर डीडच नसतं. तिथे रहिवाशाकडे असतात ते संस्थेचे शेअर. मुंबई-पुण्याच्या सोसायटीत वाढलेल्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पार्सल क्रमांकाबरोबर मालमत्तेचं कायदेशीर वर्णन उतरवून घ्यायचं. वसाहतीतल्या घराचं वर्णन लॉट, ब्लॉक, वसाहतीचं नाव आणि नकाशा-वहीचं पान असं असतं. मध्य आणि पश्चिम भागात १७८५ च्या कायद्याने आखलेली चौकट आहे: ६ मैल बाय ६ मैलांची टाउनशिप, तिचे ३६ सेक्शन, एकेक ६४० एकरांचा. पूर्वेकडच्या जुन्या राज्यांत मात्र अमुक दगडापासून तमुक ओढ्यापर्यंत अशा चतुःसीमा. दस्तात पत्ता चुकलेला चालतो, हे वर्णन चुकलेलं चालत नाही. दोन दस्त एकाच जागेचे आहेत का, हे ठरतं ते यावरूनच.

मग रेकॉर्डरकडे. बहुतेक काउंट्यांत सूची दोन असतात आणि दोन्ही नावांच्या: देणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची. आजचा मालक घेणाऱ्यांच्या सूचीत शोधायचा, त्याला कोणी विकलं ते बघायचं, मग तो विकणारा घेणाऱ्यांच्या सूचीत शोधायचा, असं मागे मागे जायचं. फ्लोरिडात कायद्याने हा काळ साधारण ३० वर्षांचा धरलाय, मिशिगनमध्ये ४० वर्षांचा. साखळी जुळली की उलटा फेरा. प्रत्येक मालकाचं नाव देणाऱ्यांच्या सूचीत त्याच्या मालकीच्या काळापुरतं तपासायचं आणि त्याने घेतलेलं प्रत्येक कर्ज, त्याच्यावर बसलेला प्रत्येक बोजा काढायचा; कर्ज घेणारा जागा तारण देतो, म्हणून तो देणाऱ्यांत सापडतो. प्रत्येक मॉर्गेजसमोर, म्हणजे घर तारण ठेवून घेतलेल्या कर्जासमोर, ते फिटल्याचा दस्त सापडला पाहिजे. न सापडणं हा सगळ्यात नेहमीचा दोष. कर्ज पाच वर्षांपूर्वी फिटलेलं असतं, मधल्या काळात बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असते, आणि बोजा उतरवल्याचा कागद नोंदवायचा कोणाच्या ध्यानातच राहत नाही. विक्रीच्या वेळी तो उपटतो.

आता या नावांच्या सूचीत मराठी नाव टाकून बघा. डीड तयार करणाऱ्याने पासपोर्टवरून नाव उतरवलेलं असतं. ‘मधुरा अनंत देशपांडे’ यातलं अनंत हे वडिलांचं की नवऱ्याचं, मधलं नाव की आडनावाचा भाग, हे त्याला माहीत असायचं कारण नाही. सूची करणारा कारकून शेवटचा शब्द आडनाव धरतो. कधी शेवटचे दोन. घर घेतलं तेव्हा माहेरचं आडनाव, रिफायनान्स केलं, म्हणजे जुन्या कर्जाच्या जागी नवं घेतलं, तेव्हा सासरचं. चौधरी हे आडनाव इंग्रजीत किती तऱ्हांनी लिहितात हे चौधरींनाच विचारावं. पुढे वकिलाच्या सल्ल्याने घर कुटुंबाच्या ट्रस्टमध्ये टाकलं की मालक होतो ‘द जोशी फॅमिली ट्रस्ट’, आणि काही काउंट्यांच्या सूचीत तो ‘द’खाली सापडतो. उपाय आहे: आडनावाची पहिली चार-पाच अक्षरं आणि पुढे काहीही चालेल अशा अर्थाने तारका किंवा टक्क्याचं चिन्ह, तारखेची मर्यादा ढिली, दस्ताचा प्रकार ‘सर्व’. मग दोनशे निकाल येतात आणि ते एकेक उघडून बघावे लागतात. जिथे उघडायला पानामागे पैसे पडतात, तिथे हा उपाय आपोआप श्रीमंतांपुरता राहतो.

हा दोष नावांचा नाही, सूचीच्या रचनेचा आहे. जागा हलत नाही, नाव बदलतं. मग सूची जागेनुसार का नको? नेब्रास्का, उटा, नॉर्थ डकोटा, ओक्लाहोमा या राज्यांत ती तशी आहे. जमिनीच्या तुकड्याचं पान उघडलं, की त्यावरचे सगळे व्यवहार ओळीने. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. १९०८ च्या नोंदणी अधिनियमातलं कलम ५५ आपल्या दुय्यम निबंधकाला दोन्ही सूची ठेवायला सांगतं: पहिली माणसांच्या नावांची, दुसरी मालमत्तेच्या तपशिलांची. त्या दुसरीलाच घरोघरी ‘इंडेक्स टू’ म्हणतात. कलम ५७ प्रमाणे फी भरून ती कोणालाही पाहता येते, तुम्ही व्यवहारातले असा वा नसा. आज ती नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर गाव आणि गट क्रमांक टाकून बघता येते, मुंबईत १९८५ पासूनची. चंद्रावर माणूस पाठवणाऱ्या देशातल्या कित्येक काउंट्यांत हे आजही नाही.

जागेची सूची म्हणजे जादूची कांडी नाही, हेही आपल्याकडेच शिकायला मिळतं. एकाच जमिनीला सर्व्हे नंबर, सिटी सर्व्हे नंबर आणि नगररचना योजनेतला अंतिम भूखंड क्रमांक असे तीन आकडे असू शकतात, आणि दस्त कोणत्या आकड्याखाली गेला हे लिहिणाऱ्यावर. ‘१०२/२/अ’ आणि ‘१०२/२अ’ यंत्राच्या लेखी वेगळ्या जमिनी. म्हणून पार्सल क्रमांक दस्तावर हाताने टंकू न देता असेसरच्या यादीतून निवडायला लावणं, आणि पार्सलचे तुकडे झाले किंवा जोड झाली की जुना-नवा क्रमांक एकमेकांना बांधणं, एवढी शिस्त हवी. तंत्र म्हणून यात काहीही कठीण नाही. असेसर आणि रेकॉर्डर यांचे संगणक वेगवेगळ्या कंत्राटदारांचे असतात, एवढीच अडचण.

काउंटीकडे जागेची सूची नसते, पण कोणाकडे तरी असते. घराची मालकी तपासून तिचा विमा देणाऱ्या टायटल कंपन्यांकडे. रेकॉर्डरकडचे दस्त रोज उचलून त्या जमिनीच्या तुकड्यांनुसार आपली खासगी सूची लावतात. काही राज्यांत कायद्यानेच ती त्यांना ठेवावी लागते. या धंद्याचा सगळ्यात बोलका प्रसंग शिकागोचा. ऑक्टोबर १८७१ च्या आगीत कुक काउंटीच्या रेकॉर्डरचं दप्तर जळून राख झालं. शहराची मालकी कशावरून ठरवायची? तीन खासगी कंपन्यांनी आपल्या दस्तांच्या सारांशवह्या आगीतून बाहेर काढल्या होत्या. पुढच्या वर्षी इलिनॉयने जळलेल्या दप्तरांचा खास कायदा केला आणि त्या वह्या पुरावा म्हणून चालू लागल्या. तीन कंपन्यांचं एकत्रीकरण झालं, आणि शहरात कोणाचं काय आहे हे सांगण्याचं काम सरकारी कार्यालयाकडून एका धंद्याकडे गेलं. वह्या वाचवणाऱ्यांचं कौतुक करावंच. पण आग विझून दीडशे वर्षं होऊन गेल्यावरही देशाने तीच व्यवस्था नेहमीची म्हणून स्वीकारावी, हे काही पटत नाही.

याची किंमत प्रत्येक घर घेणारा मोजतो. क्लोजिंगच्या हिशेबात शोधाचे पैसे वेगळे, बँकेसाठीचा टायटल विमा (मालकीत पुढे दोष निघाला तर भरपाई देणारा) वेगळा, स्वतःसाठीचा वेगळा. तेच घर तीन वर्षांनी विकलं तर तोच शोध पुन्हा, नव्याने. आयोवाने वेगळी वाट धरली. तिथे १९४७ पासून टायटल विमा विकायलाच बंदी आहे. वकील दस्तांचा सारांश तपासून मत देतो, आपल्याकडच्या सर्च रिपोर्टसारखं, आणि हमी हवी असेल तर १९८५ पासून राज्याचीच संस्था ती देते. रेकॉर्डरांनी मिळून ९९ काउंट्यांची सूची एका संकेतस्थळावर आणली आहे. आयोवा शेतकऱ्यांचं राज्य, कोणाला फार प्रगत वाटणार नाही. पण जमिनीच्या कागदाची किंमत शेतकऱ्याला जास्त कळते, असं म्हणायला हरकत नाही.

काउंट्यांचा बचाव ठरलेला असतो: दप्तर चालवायला पैसे लागतात. लागतात. ते दस्त नोंदवताना घेतलेच आहेत; नोंदणी फी भरल्याशिवाय शिक्का बसत नाही. बघण्याचे पुन्हा घ्यायचे तर किती, याला काही धरबंध हवा. ओहायोतल्या क्लीव्हलँडच्या काउंटीने दोन महिन्यांचे दस्त सीडीवर मागणाऱ्या कंपनीला पानामागे २ डॉलर लावून दोन लाख डॉलरांच्या घरात बिल सांगितलं होतं. २०१२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने काउंटीला सीडीचा प्रत्यक्ष खर्च तेवढा घ्यायला सांगितला. कॅलिफोर्नियात ऑरेंज काउंटीने सुमारे ६ लाख ४० हजार पार्सलांचा नकाशा-संच परवाना फीशिवाय द्यायला नकार दिला. त्या संचाला सॉफ्टवेअर म्हणून माहिती खुली करण्यातून सूट मिळते, असा तिचा दावा होता. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो फेटाळला: नकाशातली माहिती हा सार्वजनिक अभिलेख आहे, प्रत काढण्याच्या खर्चात द्या. दोन्ही निकाल चांगले. पण नीट बघा, दोन्ही ठोकाने मागणाऱ्यांनी मिळवले आहेत, ज्यांना वकील परवडतात. एका घराची चार पानं बघणाऱ्यासाठी कोणी सर्वोच्च न्यायालयात जात नाही.

मध्यम मार्ग डोळ्यांसमोर आहे. संघीय न्यायालयांची कागदपत्रं देणाऱ्या पेसर या संकेतस्थळावर पानाला १० सेंट, एका कागदपत्राला जास्तीत जास्त ३ डॉलर, आणि तिमाहीचं बिल ३० डॉलरच्या आत राहिलं तर माफ. त्या व्यवस्थेवरही टीका होते आणि ती रास्त आहे. तरी अधूनमधून बघणाऱ्या नागरिकाला तिथे एक पैसा पडत नाही. पडद्यावर बघणं फुकट, प्रमाणित प्रत विकत, ही रीत न्यूयॉर्क शहरात आणि मॅसॅच्युसेट्समध्ये चालते. तिथली कार्यालयं काही बंद पडलेली नाहीत. फ्लोरिडाने तर कायदाच केला: निदान १९९० पासूनची सूची १ जानेवारी २००२ पर्यंत प्रत्येक काउंटीच्या संकेतस्थळावर दिसली पाहिजे.

फ्लोरिडाच्या त्याच कायद्यात खासगीपणाचीही सोय आहे आणि ती कशी केली आहे ते बघण्यासारखं आहे. मृत्यूचे दाखले, लष्करातून सेवामुक्तीचे कागद, कौटुंबिक न्यायालयातली कागदपत्रं यांच्या प्रतिमा संकेतस्थळावर टाकायच्या नाहीत. कॅलिफोर्नियाने २००७ च्या कायद्याने जुन्या दस्तांतले सोशल सिक्युरिटी क्रमांक (आपल्या आधारसारखे ओळखक्रमांक) झाकायला घेतले. एकेकाळी लोक ते मॉर्गेजवर सर्रास लिहीत. नेमकी धोक्याची वस्तू उचलायची, बाकी दप्तर तसंच ठेवायचं.

याच्या उलट टोकाला सरसकट झाकणं. जुलै २०२० मध्ये न्यू जर्सीत नॉर्थ ब्रन्सविकला एका संघीय न्यायाधीशाच्या घरी मारेकरी पोचला आणि त्यात त्यांच्या तरुण मुलाचा जीव गेला. मराठी माणसांनी गजबजलेलं एडिसन ज्या मिडलसेक्स काउंटीत आहे, त्याच काउंटीतलं हे गाव. त्याच वर्षी राज्याने त्या मुलाच्या नावाने ‘डॅनियल्स लॉ’ केला: न्यायाधीश, सरकारी वकील, पोलीस यांचे घरचे पत्ते मागणीनुसार सार्वजनिक जागेवरून काढावेत. हेतूबद्दल वाद नाही. पण अंमलात यादीतली माणसं वेगळी काढण्यापेक्षा कराच्या यादीतली सगळ्यांचीच नावं झाकणं सोपं पडतं, आणि काही ठिकाणी तेच झालं. न्यू जर्सीबाहेर, लॉस एंजेलिस काउंटीतही असेसरच्या संकेतस्थळावर मालकाचं नाव दिसतच नाही. दस्त बघायचा तर रेकॉर्डरच्या कार्यालयात जावं लागतं.

यातून वाचतं कोण? माहिती विकणाऱ्या कंपन्यांनी जुने संच आधीच विकत घेतलेत, नवे त्या घेतच राहतात, आणि वीस-तीस डॉलरांत कोणालाही विकतात. म्हणजे वाईट हेतूने शोधणाऱ्याला एक फाटक वाढलं, तेही क्रेडिट कार्डाने उघडणारं. ज्याच्याकडे पैसा आहे तो पूर्वीपासून कंपनी काढून तिच्या नावावर घर घेतो. दप्तरात त्याचं नाव कधी नव्हतंच. उरतो तो छतातून पाणी गळणाऱ्या घरातला भाडेकरू, ज्याला नोटीस कोणाच्या नावाने पाठवायची ते कळत नाही. धोका असलेल्या माणसाचा अर्ज घेऊन त्याचं नाव नावाच्या शोधातून काढायचं आणि पार्सलच्या शोधात बाकी सगळ्यांचं ठेवायचं, हे करता येतं. त्याला दोन वेगळ्या सूची लागतात. फिरून आपण तिथेच येतो.

नाव दिसलं तरी किंमत दिसेल असं नाही. डीडमध्ये मोबदला ‘१० डॉलर आणि इतर मौल्यवान मोबदला’ असा लिहायची जुनी रीत आहे. आठ लाखांचं घरही कागदावर दहा डॉलरला जातं. जिथे हस्तांतरण कर आहे तिथे त्यावरून किंमत काढता येते. कॅलिफोर्नियात दर हजाराला १.१० डॉलर, म्हणजे डीडवर ८८० डॉलर कर दिसला की किंमत ८ लाख; शहराचा वेगळा कर असला तर तो आधी वजा करायचा. फ्लोरिडात बहुतेक काउंट्यांत दर शंभराला ७० सेंट, म्हणजे २,८०० डॉलर दिसले की ४ लाख. टेक्सासमध्ये असा कर नाही आणि विक्रीची किंमत कोणाला कळवायची सक्तीही नाही. प्लेनो-फ्रिस्कोच्या कॉलिन काउंटीत घराचं मूल्यांकन जास्त आलं म्हणून १५ मेच्या आत हरकत घेणाऱ्याला शेजारची घरं कितीला गेली हे दप्तरातून समजत नाही. दलालांच्या बंद यादीत ते असतं. सुनावणीआधी १४ दिवस मूल्यांकन कार्यालयाचा पुरावा मागून घेता येतो, तो प्रत्येकाने मागावा. पण जो कर किमतीवर बसतो त्याचा पाया गुपित ठेवणं, हे करदात्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याच्याकडून हिशेब तपासून घेण्यासारखं आहे.

सूची सुधारली की काय दिसू लागतं याचा एक दाखला मिनियापोलिसचा. जुन्या डीडमध्ये ‘हे घर गोऱ्यांखेरीज कोणाला विकू नये’ अशा अटी असत. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची अंमलबजावणी थांबवली, १९६८ च्या कायद्याने त्या बेकायदा ठरल्या, पण कागदात राहिल्या. नावांच्या सूचीत असली अट सापडूच शकत नाही. ती दस्ताच्या पोटात असते. २०१६ पासून संशोधकांनी हेनेपिन काउंटीचे दस्त यंत्राने वाचून ती वाक्यं शोधली आणि गल्ली-गल्लीचा नकाशा केला. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियाने रेकॉर्डरांनाच हे काम कायद्याने लावलं. त्याच कॅलिफोर्नियात १९१३ च्या कायद्याने नागरिकत्वाला अपात्र ठरवलेल्यांना शेतजमीन घ्यायला मनाई होती, आणि १९२३ नंतर त्यात भारतीय आले. इंपीरियल खोऱ्यातल्या पंजाबी शेतकऱ्यांनी मग जमिनी ओळखीच्या गोऱ्यांच्या किंवा अमेरिकेत जन्मलेल्या आपल्या मुलांच्या नावावर ठेवल्या. तिथली घेणाऱ्यांची सूची आज वाचली, तर कसणारा माणूस तिच्यात भेटत नाही.

राहता राहिली खोट्या डीडची भीती. रेकॉर्डर दस्ताचा नमुना, नोटरीचा शिक्का आणि फी बघतो. सही खरी आहे का हे बघणं त्याचं काम नाही. म्हणून कोणी बनावट हक्कसोड करून रिकामं घर आपल्या नावावर करून घेऊ शकतो. बऱ्याच काउंट्यांनी फुकट इशारा-सेवा सुरू केली आहे: आपलं नाव द्यायचं, त्या नावाने काही नोंदलं गेलं की ईमेल येतो. भारतात राहून अमेरिकेतलं घर भाड्याने देणाऱ्यांनी ही सेवा आजच घ्यावी. नाव देताना डीडवर जसं आहे तसं, पतीचं आणि पत्नीचं वेगवेगळं, आडनाव-आधी आणि आडनाव-शेवटी, ट्रस्ट असेल तर तोही ‘द’सह आणि ‘द’शिवाय, अशी पाच-सहा रूपं भरावीत. सूची कोणत्या तारखेपर्यंत पुरी झाली आहे ती तारीख पानाच्या कोपऱ्यात असते, तीही बघावी. आज दाखल झालेला दस्त सूचीत यायला कुठे एक दिवस लागतो, कुठे काही आठवडे, आणि इशारा त्यानंतरच सुटतो. नाव एका अक्षराने चुकलं तर सुटतच नाही. पार्सल क्रमांकावर इशारा मागता आला असता तर ही सगळी कसरत एका ओळीत आटोपली असती. ती सोय संगणक पुरवणाऱ्या कंत्राटदाराच्या करारात लिहून घ्यावी लागते. तो करार संपत आला की काउंटीच्या मंडळापुढे येतो, त्या बैठकीत कोणीही नागरिक दोन-तीन मिनिटं बोलू शकतो, आणि बैठकीची विषयपत्रिका काउंटीच्याच संकेतस्थळावर, तीनशे पानांच्या स्कॅन केलेल्या फायलीत कुठेतरी असते.